सीटच्या पटरीवर आणि पेडलच्या ब्रॅकेटवर गंज: पुरातली गाडी की नुसता ओलावा?

गिरणाकाठ (जळगाव)

राम राम मंडळी.

२०१६ च्या ऑक्टोबरातली पेट्रोल हॅचबॅक, सेकंडहँड घेतली आहे. पहिली नोंदणी एमएच-०८, म्हणजे रत्नागिरी. २०२२ पासून रावेर तालुक्यात, केळीच्या बागेवर जाण्यायेण्यासाठी वापरलेली. आता जळगावात आमच्याकडे. बाहेरून पत्रा चांगला आहे. दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, बॉनेटची घडी, कुठेही फुगवटा नाही. आतल्या मॅट काढून सीटखाली टॉर्च मारली तेव्हा मात्र वेगळंच दिसलं.

पुढच्या दोन्ही सीटच्या पटऱ्या तांबूस, डावीकडची जास्त. सीटखालच्या नागमोडी स्प्रिंगांवर बारीक नारिंगी पूड, बोटाला लागते. पेडल ज्या ब्रॅकेटला लटकतात त्याच्या कडा आणि स्टीअरिंगच्या दांड्याचा खालचा जोड गंजलेला. हेडरेस्टच्या चकचकीत दांड्यांवर मोहरीएवढे ठिपके. डिकीतला जॅक आणि त्याचा दांडा पूर्ण लाल. खालचा रंगवलेला पत्रा जिथे दिसतो तिथे ठीक आहे.

एक गॅरेजवाला म्हणतो डिझेल फवारा. दुसरा म्हणतो सगळ्यावर रेड ऑक्साइड मारून टाकू. तिसरा "ही चिपळूणच्या पुरातली दिसते" एवढं सांगून मोकळा झाला.

गाडी खरंच बुडालेली असेल का? हा गंज धोक्याचा आहे का? आणि काढायचा असेल तर नेमकं काय वापरायचं?

---

पांझरा_टिंकर (धुळे)

भाऊ, आत्ता काहीच फवारू नका. गंज कुठे आहे आणि कसा आहे, यावरूनच तो कुठून आला ते कळतं. डिझेल मारलंत की सगळं एकसारखं काळं दिसेल आणि माग पुसला जाईल.

हे भाग मुळातच उघडे का ठेवतात ते आधी. सीटच्या पटरीत गोळ्या किंवा रोलर फिरतात, तिथे रंग टिकत नाही. म्हणून कंपनी फॉस्फेटचा राखाडी थर देते आणि वर ग्रीस. ब्रॅकेट बऱ्याचदा काळे रंगवलेले असतात, पण कापलेल्या कडेवर आणि वेल्डिंगच्या टाक्यावर रंग धरत नाही, म्हणून गंज कडेपासून सुरू होतो. आतल्या भागांवर पाऊस पडणार नाही हे गृहीत धरून तेवढंच संरक्षण दिलेलं असतं.

लोखंड गंजायला पाणी ओतावं लागत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादावर पाण्याचा न दिसणारा पातळ थर बसतो आणि काम चालू होतं. ८० च्या वर ते जोरात चालतं. पृष्ठभागावर मीठ किंवा खताचा अंश असेल तर ६० च्या खालीही थांबत नाही, कारण तो क्षार स्वतःच हवेतलं पाणी ओढतो. आपल्याकडे मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की गंज जागच्या जागी थांबतो. जुलै ते सप्टेंबर तो पुन्हा चालतो.

बंद गाडीत अजून एक भानगड होते. मेटिंगखालचा, म्हणजे तळाच्या गालिच्याखालचा, फोम ओला असेल तर दिवसा उन्हाने ते पाणी वाफ होऊन केबिनमध्ये भरतं. काचा बंद, वाफेला वाट नाही. केबिनमधली हवा ३० अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर २४ अंशाला दव पडायला लागतं. रात्री लोखंड तेवढं गार होतंच. म्हणजे ज्या ब्रॅकेटला कधी थेंब लागला नाही तोही रोज पहाटे ओला होतो.

आता तुमच्या गाडीकडे बघा.

सगळ्या उघड्या लोखंडावर सारखी बारीक नारिंगी पूड, वरच्या बाजूला थोडी जास्त, कोपरे स्वच्छ: हा दवाचा गंज. एकाच बाजूला, खालून वर चढत गेलेला: ही गळती. कोपऱ्यांत, बोल्टच्या वायसरखाली, आडव्या पट्टीच्या वरच्या अंगाला चिखलाचा सुकलेला थर, गंजाचे पापुद्रे आणि एका ठरावीक उंचीपर्यंतच सगळं खराब: तेव्हा पुराचा संशय घ्यायचा.

तुमच्या वर्णनात डावी पटरी जास्त गंजलेली आहे आणि वरचं पेडल ब्रॅकेटही फिकट गंजलेलं आहे. माझा कौल गळती अधिक दव. तरी पुराची तपासणी करून घ्या.

---

क्लेम_तपासणी

पुराची तपासणी अर्ध्या तासाची आहे.

चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. रोज वापरात येणारा भाग मालक धुतो. आतला शेवटचा हातभर पट्टा कुणी धूत नाही. तिथे मातकट रेषा, डाग किंवा कडकपणा आहे का ते बघा. बेल्टच्या खालच्या टोकाला लेबल असतं, त्यावर तयार झाल्याची तारीख बहुधा असते. गाडी २०१६ ची आणि एकाच बाजूचे बेल्ट २०२१-२२ चे, असं असेल तर विचारायलाच हवं.

ग्लोव्ह बॉक्स काढा. डॅशबोर्डमागे आडवा लोखंडी नळ असतो, त्याच्या वरच्या अंगावरून पांढरं फडकं फिरवा. धूळ भुरकी आणि कोरडी निघते, गाळ चिकट आणि बारीक मैद्यासारखा निघतो. वायरिंगवरची कडकडीत काळी नळी एका जागी उकलून आत बघा, गाळ तिथे हमखास अडकतो. मागचे दिवे उतरवून त्यांच्या पोकळीत आणि स्टेपनीच्या खड्ड्यात बघा.

सीटचे बोल्ट बघा. कारखान्यातून आलेल्या बोल्टच्या डोक्यावर पान्याचे ओरखडे नसतात. ओरखडे असतील तर सीट आधी निघालेली आहे, का ते शोधा. पटरीवर ताजा काळा स्प्रे असेल तर शेजारच्या प्लास्टिकवर आणि वायरवर त्याचा शिंतोडा सापडतोच.

सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरला सहज म्हणून हात लावू नका, ती एअरबॅग किंवा बेल्ट-टेन्शनरची लाइन असते. बाकीच्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी चढलेली असेल तर पाणी आत गेलेलं आहे.

चिपळूणचा पूर २२-२३ जुलै २०२१ चा. पहिल्या मालकाचे विमा कागद मिळाले तर नो-क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बघा. तो २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढतो आणि क्लेम झाला की शून्यावर येतो. जुलै २०२१ नंतरच्या नूतनीकरणात तो शून्य असेल तर क्लेम कशाचा होता ते विचारा. बंपरचाही असू शकतो, एवढ्यावरून निकाल देऊ नका.

---

गिरणाकाठ (जळगाव)

सगळं तपासलं. बेल्ट स्वच्छ, चारही २०१६ चे. डॅशमागच्या नळावर कोरडी धूळ. वायरिंगच्या नळीत काही नाही. ऑक्टोबर २०२१ च्या विम्यात नो-क्लेम ५० टक्के आहे.

पण डाव्या पुढच्या बाजूचं मेटिंग उचलून खालचा फोम दाबला तर पाणी बोटांवर आलं. वरून हात लावला तर कोरडं वाटत होतं. डिकीच्या चटईखाली डाव्या कोपऱ्यात पांढरे खडे आहेत, साखरेसारखे, थोडे चिकट.

---

पांझरा_टिंकर (धुळे)

मग पूर विसरा. तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत, पुढे पाणी आणि मागे खत.

उजव्या हाताच्या स्टीअरिंगच्या आपल्या गाड्यांत एसीचा कूलिंग कॉइल बहुधा डाव्या डॅशमागे बसतो आणि त्याचं पाणी डाव्या बाजूनेच एका रबरी नळीतून खाली जातं. ती नळी तुंबली की पाणी ट्रे भरून मेटिंगखाली उतरतं. दुसरा संशयित वायपरखालची जाळी. गाडी कडुलिंबाखाली उभी राहत असेल तर बारीक पानं आणि निंबोळ्या त्या खोबणीत साचून चिखल होतो, निचऱ्याचं भोक बंद होतं आणि पाणी ब्लोअरच्या तोंडातून आत येतं. तिसरा, दारातला प्लास्टिकचा पडदा. स्पीकर बदलताना तो फाडून तसाच सोडतात, मग काचेवरून दारात उतरलेलं पाणी आत झिरपतं.

ओळखायचं असं. पाऊस नाही, पण तासभर एसी चालवल्यावर ओलं होतं: एसीची नळी. पाऊस पडल्यावरच होतं: जाळी किंवा दार. पाणी चिकट, वास गोडसर, आणि समोरच्या काचेवर तेलकट धुकं चढतं: हीटरचा कॉइल फुटून कूलंट येतंय, हे गॅरेजचं काम.

एसी फुल्ल करून पंधरा मिनिटं गाडी उभी चालू ठेवा, खाली डाव्या बाजूला थेंब पडायला हवेत. मेच्या दुपारी जळगावात ही चाचणी करून फसू नका, हवेत पाणीच नसतं त्यामुळे नळी मोकळी असूनही थेंब फार पडत नाहीत. नळी साफ करायला खालून मऊ प्लास्टिकची बारीक नळी हलक्या हाताने वर सारा. कॉम्प्रेसरची हवा खालून मारू नका. ट्रेमधलं पाणी आणि घाण वर उडते, कधी नळीच जोडावरून निसटते आणि मग सगळं पाणी कायमचं आत.

पावसाची चाचणी साध्या बागेच्या पाइपने, खालून वर जात, प्रत्येक जागी दहा मिनिटं. एक माणूस आत टॉर्च घेऊन. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप वापरलात तर जिथे पाऊस कधी शिरणार नाही तिथेही पाणी शिरेल आणि तुम्ही भलतंच भोक बुजवत बसाल. संशयाच्या सांध्यावर आधी टाल्कम पावडर भुरभुरा, पाण्याची वाट त्यात उमटते.

फोम वाळवताना घाई करू नका. सीट काढा, उंबऱ्यावरच्या प्लास्टिक पट्ट्या काढा, मेटिंग उचलून खाली दोन-दोन विटा ठेवा आणि टेबल फॅन लावा. एप्रिलमध्ये दोन दिवसांत होतं, पावसाळ्यात चार-पाच दिवस लागतात. काचा उघड्या हव्यात. काचा लावून उन्हात ठेवलीत तर तेच पाणी वाफ होऊन स्प्रिंगांवर बसतं. वाळलं असं वाटल्यावर फोमखाली रद्दी पेपर घालून रात्रभर ठेवा. सकाळी पेपर कुरकुरीत निघाला पाहिजे.

---

केळीबाग_रावेर

ते पांढरे खडे खताचेच. आमच्या भागात पोटॅश, युरिया, अमोनियम सल्फेट हे सगळं डिकीतूनच जातं. पोत्याच्या शिवणीतून मूठभर सांडलं की चटईखाली जाऊन बसतं.

लोखंडाला यातलं पांढरं पोटॅश सगळ्यात वाईट, कारण ते म्युरेट म्हणजे क्लोराइड आहे, मिठाचाच भाऊ. अमोनियमचे क्षारही वाईट. युरिया एकटा तेवढा खात नाही, पण पावसाळ्यात पाणी ओढून पाझरतो आणि बाकीच्यांना सोबत घेऊन खाचेत उतरतो.

अजून एक विचारून घ्या: ठिबकच्या नळ्या साफ करायचं ॲसिड गाडीतून नेत होते का? हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या कॅनचं झाकण कितीही घट्ट असो, उन्हात कॅन फुगतो आणि धूर सोडतो. तो धूर बंद केबिनमध्ये फिरला की उघडं लोखंड दोन-तीन दिवसांत लाल होतं, अगदी हेडरेस्टच्या क्रोमखालचंही. जॅक आणि त्याचा दांडा "पूर्ण लाल" म्हणालात म्हणून संशय. हे ॲसिड माणूस बसतो त्या बंद गाडीतून नेऊच नये. उघड्या टेम्पोत, उभं बांधून.

सफाई: खडे आधी कोरडेच ब्रशने गोळा करा, व्हॅक्यूम मारा. पाणी आधी ओतलंत तर क्षार विरघळून पत्र्याच्या जोडात जातो आणि तिथून बाहेर निघत नाही. मग एक लिटर पाण्यात चमचाभर खायचा सोडा, फडकं पिळून पुसा. त्यानंतर दोन वेळा नुसत्या आरओच्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने. बोअरचं पाणी नको, त्यातच क्षार. चटईच्या खालच्या फेल्टमध्ये खत मुरलं असेल तर चटई बाहेर धुऊन वाळवा. नाहीच सुटलं तर टाकून द्या.

आणि भाऊ, कपाटात ठेवतात ते ओलावा शोषणारे डबे गाडीत ठेवू नका. बऱ्याच डब्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं. खड्ड्यात डबा कलंडला की आतलं खारं पाणी थेट पटरीवर. ठेवायचीच तर सिलिका जेलची पुडी ठेवा, तीही गळती बंद झाल्यावर.

---

गोटीपाना_भुसावळ

गळती बंद, मेटिंग कोरडं, खत निघालं. आता गंज. क्रमाने सांगतो, मधली पायरी गाळू नका.

सीट काढणं. इग्निशन बंद, बॅटरीची ऋण तार काढा, दहा मिनिटं थांबा, मगच सीटखालचा पिवळा कनेक्टर सोडवा. तो सुटलेला असताना इग्निशन अजिबात चालू करायचं नाही. केलं तर एअरबॅगचा दिवा पेटून राहतो आणि स्कॅनर लावल्याशिवाय विझत नाही. सीट मागे सरकवून पुढचे दोन बोल्ट, पुढे सरकवून मागचे दोन. जपानी-कोरियन धाटणीच्या गाड्यांत बहुधा १४ मिमीची गोटी (सॉकेट) लागते, युरोपी धाटणीत टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराची. सीट दारातून काढताना पटरीचं टोक दाराच्या रंगाला ओरखडतं, टोकांना जुनं फडकं बांधा.

गंज किती खोल आहे. स्क्रू ड्रायव्हरच्या कोपऱ्याने खरवडा. पूड निघून खाली करडं लोखंड दिसलं तर वरवरचा. पापुद्रा सुटला आणि खाली खड्डा लागला तर खोल. ब्रॅकेटवर, स्प्रिंगवर वरवरचा गंज असेल तर ताकद कमी झालेली नसते. पण सीट जिथे पत्र्याला बसते त्या वेल्ड केलेल्या बैठकीवर पापुद्रे सुटत असतील तर इथेच थांबा. ते घरचं काम नाही, ती बैठक अपघातात सीट धरून ठेवते.

पटरी. जुनं ग्रीस, केस, वाळू, बिस्किटाचा चुरा हे सगळं आधी काढा. स्क्रू ड्रायव्हरला फडकं गुंडाळून टरपेंटाइनमध्ये ओलसर करा आणि खाचेतून फिरवा. थिनर ओतू नका, आतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या मऊ पडतात आणि गोळ्यांमागचं ग्रीस धुऊन जातं. बाहेरच्या अंगावरचा गंज पितळी तारांच्या ब्रशने किंवा भांडी घासायच्या हिरव्या घासणीने काढा. गोळ्या फिरतात त्या वाटेवर पॉलिश पेपर मारायचा नाही. एकदा तिथला पृष्ठभाग खरखरीत झाला की सीट कायम करकरते.

सुटे भाग: जॅकचा दांडा, पाना, चटईच्या पट्ट्या, साधे ब्रॅकेट. यांना सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूसत्त्व. एक लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम, दोन थेंब भांड्यांचं लिक्विड. भाग आधी साबणाने धुऊन तेल काढा, तेलाखाली ॲसिड पोचत नाही. अर्ध्या-अर्ध्या तासाने काढून घासा. वरवरचा गंज तास-दोन तासांत सुटतो. रात्रभर ठेवलंत तर चांगलं लोखंडही खाऊन काळं-खरखरीत होतं. मग पाणी, मग सोड्याचं पाणी, पुन्हा पाणी, आणि लगेच हेअर ड्रायर. इथे लोक घोटाळा करतात: भाग "उन्हात वाळत" ठेवून चहाला जातात आणि परत येईपर्यंत त्यावर पिवळसर झाक चढलेली असते. नुकतं साफ झालेलं लोखंड पाण्याला फार हावरं असतं. कोरडं झालं की दहा मिनिटांच्या आत तेलाचं बोट लागलंच पाहिजे. जॅक स्वतः बुडवू नका, त्याच्या आट्यांमधलं ग्रीस जातं. तो ब्रशने साफ करा.

ॲसिडमध्ये न घालायच्या वस्तू: सीटच्या स्प्रिंगा, रिक्लायनरची (सीटची पाठ मागे झुकवायच्या यंत्रणेची) स्प्रिंग, सीटचे आणि सीटबेल्टचे बोल्ट. कडक पोलादात ॲसिडमधला हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. बाहेरून चकचकीत दिसतं आणि ताण आला की चिरतं.

जागेवरचे भाग: पेडलचा ब्रॅकेट, स्टीअरिंगचा जोड. खाली प्लास्टिक पसरा, ब्रशने घासून व्हॅक्यूमने पूड ओढून घ्या. ती पूड ब्रेक-लाइटच्या स्विचमध्ये गेली तर दिवे पेटून राहतात. ब्रॅकेटच्या कडांवर फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर बारीक ब्रशने, एकच पातळ हात. गंज असेल तिथे ते काळं पडतं, तो फॉस्फेटचा थर. गंज नसलेल्या लोखंडावर नुसतंच चिकट पांढरं राहतं, ते पुसून घ्या. डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ दिल्यावर वर काळा रंग, तोही ब्रशनेच. डॅशखाली स्प्रे मारायचा नाही. पेडलच्या रबरावर, स्टीअरिंगच्या जोडावर कन्व्हर्टर किंवा रंग लागू देऊ नका. जोडाला फक्त कोरडा ब्रश आणि तेलाचं पुसलेलं बोट. जोड हलवताना खडखड किंवा अडखळ जाणवली तर तो बदलायचा.

रेड ऑक्साइड सगळ्यावर मारू म्हणणाऱ्याला नमस्कार करा. पटरीवर रंग गेला की पहिल्याच दिवशी सोलून गोळ्यांत अडकतो.

वरचं संरक्षण. स्प्रिंगा आणि उघड्या कडांवर मेणाच्या जातीचं अँटी-रस्ट, पोकळीत मारतात ते, किंवा एमआयडीसीतले मशीनवाले वापरतात ते आरपी (गंजरोधक) ऑइल ब्रशने. वास दोन-तीन दिवस राहतो, काचा खाली ठेवा. निळ्या-पिवळ्या डब्यातला नेहमीचा स्प्रे गंज सैल करायला छान, पण टिकाऊ संरक्षण नाही, त्याचा बराचसा भाग उडून जातो. पेट्रोलियम जेली आपल्याकडे नकोच, मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत ती वितळून मेटिंगवर उतरते. डिझेलला वास आहे, ते फोम-रबर खराब करतं आणि बंद केबिनमध्ये त्याची वाफ श्वासात जाते. जळकं इंजिन ऑइलही नको. त्यात ॲसिड आणि पाणी आधीच असतं.

---

शिरपूर_ऑटो

पटरीच्या ग्रीसबद्दल थोडं वेगळं मत. आपल्याकडे धूळ किती आहे ते बघा. एप्रिलच्या वावटळीत गाडी एकदा चोपडा रोडने गेली की मॅट काढून झटकावी लागते. पटरीला सढळ हाताने ग्रीस लावलंत की सहा महिन्यांत त्याची पॉलिशची पेस्ट होते आणि पटरी झिजायला लागते. पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) कोरडा स्प्रे बरा.

---

गोटीपाना_भुसावळ

दादा, "सढळ हाताने" मी म्हणालो नव्हतो, पण मुद्दा बरोबर. फक्त कोरड्या थराने गंज थांबत नाही, तो घसरण देतो. म्हणून वाटून घ्यायचं. आतल्या वाटेत, गोळ्यांच्या जागी, लिथियम ग्रीस, प्रत्येक खाचेत तीन ठिकाणी हरभऱ्याच्या दाण्याएवढं. सीट दहा वेळा पुढे-मागे करा, जे बाहेर आलं ते पुसून काढा. बाहेरच्या उघड्या अंगावर मेणाचा थर, वाळल्यावर हात लावला तर चिकटत नाही असा. धूळ त्यावर बसली तरी फडक्याने निघते.

---

गिरणाकाठ (जळगाव)

मंडळी, ॲसिडचं विचारलं. ठिबकचे कॅन वर्षातून दोनदा जायचे, डिकीतूनच. आता उलगडा झाला.

दोन शंका. सीटबेल्टच्या खालच्या बोल्टच्या डोक्यावर गंज आहे, तो घासून रंगवला तर चालेल? आणि हेडरेस्टच्या दांड्यांचं काय?

---

क्लेम_तपासणी

सीटबेल्टचा बोल्ट घासून रंगवायचा नसतो. डोक्यावर नुसती तांबूस झाक असेल तर पुसून सोडून द्या. आट्यांवर गंज किंवा खड्डे असतील तर कंपनीचा नवा बोल्ट. हार्डवेअरच्या दुकानात "याच मापाचा" मागू नका. बऱ्याच गाड्यांत तो मेट्रिक नसून ७/१६ इंची, इंचाला २० आट्यांचा असतो. जवळपासच्या मापाचा मेट्रिक बोल्ट दोन आटे जातो आणि मग वेल्ड केलेल्या नटाच्या आट्या फाडतो. आवळताना टॉर्क पाना (किती जोर लागला ते मोजणारा) आणि तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच आकडा. आट्यांना तेल-ग्रीस लावून आवळलं तर त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. पट्ट्यावर आणि गुंडाळीच्या डब्यात कुठलाही स्प्रे जाऊ देऊ नका.

---

पांझरा_टिंकर (धुळे)

हेडरेस्टचं सोपं आहे. दांडे काढा, स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, ओरखडा पडत नाही. ठिपके निघतील, पण क्रोमला जी सुईएवढी भोकं पडली आहेत ती राहणारच. तिथे गाडीचं मेण-पॉलिश चोळा आणि दर पावसाळ्याआधी पुन्हा चोळा. स्टील-वूल वापरू नका, त्याचे बारीक तंतू सीटच्या कापडात अडकतात आणि महिनाभरात तिथे तांबडे डाग उमटतात.

एसीची एक सवय लावून घ्या: घर यायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, बाहेरची हवा आत घ्या. कॉइलवरचं पाणी वाळून जातं.

आणि भाऊ, डिकी साफ करताना स्टेपनीच्या खड्ड्यातलं रबरी बूच काढलं असेल तर ते परत बसवा. ते उघडं राहिलं तर पहिल्याच पावसात चाकाचं पाणी त्या भोकातून वर येईल आणि जॅक पुन्हा लाल.